वास्तुव्यवसाय आणि सामाजिक न्याय

कोणतीही इमारत जमिनीवर उभी राहण्यापूर्वी कागदावर उभी राहते. जोत्याची उंची किती असावी, दार कोणत्या दिशेला उघडावे, स्वयंपाकघरात उजेड कोठून यावा, पाण्याची टाकी कोणत्या वस्तीच्या तोंडाशी बांधावी, हे निर्णय प्रथम नकाशात घेतले जातात. आणि त्यानंतर पन्नास-साठ वर्षे माणसे त्या निर्णयांच्या चौकटीत आपले आयुष्य काढतात. शासनाचे एखादे परिपत्रक चुकले तर ते दुरुस्त करता येते. परंतु चुकीच्या जागी बांधलेली शाळा किंवा गैरसोयीचे बांधलेले घर सहसा दुरुस्त होत नाही. म्हणूनच नकाशा कोण काढतो आणि त्या नकाशात कोणाच्या गरजा उमटतात, हे दोन प्रश्न केवळ वास्तुविशारदांपुरते मर्यादित राहत नाहीत. ते सामाजिक न्यायाचे प्रश्न आहेत, आणि त्यांचा संबंध शाळेशी, पंचायतीशी व शासनाच्या प्रत्येक बांधकामाशी येतो.

व्यवसायाची घडण

महाराष्ट्रात बांधकामाची विद्या फार जुनी आहे. गवंडी, पाथरवट, सुतार, वडार, बेलदार यांनी किल्ले, घाट, वाडे आणि मंदिरे उभारली. ही विद्या घराण्यात चालत आलेली होती. ती पुस्तकातून नव्हे, तर हाताखाली काम करून शिकली जाई. इंग्रजी अमदानीत या विद्येची फाळणी झाली. नकाशा काढणारा एक आणि तो पाहून बांधणारा दुसरा, अशी विभागणी रूढ झाली. मुंबईत १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा स्थापन झाली आणि पुढे तेथेच वास्तुकलेचे शिक्षण सुरू झाले. १९१७ मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी आपली संघटना स्थापन केली व तिच्यातूनच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ही व्यावसायिकांची संस्था आकाराला आली. नकाशा काढणाऱ्याला अशा रीतीने पदवी, संस्था आणि प्रतिष्ठा मिळाली. बांधणाऱ्याच्या वाट्याला मात्र रोजंदारीच आली.

संसदेने १९७२ मध्ये वास्तुविशारद अधिनियम संमत केला. या कायद्याने वास्तुविशारद परिषद स्थापन झाली आणि ज्याची नोंदणी झालेली नाही अशा व्यक्तीस ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद लावण्यास मनाई करण्यात आली. त्या वेळी पदवी नसलेल्या, परंतु पाच वर्षे प्रत्यक्ष व्यवसाय केलेल्या व्यक्तींनाही नोंदणीची संधी देण्यात आली होती; पुढील पिढ्यांसाठी मात्र विहित शैक्षणिक अर्हता हाच मार्ग राहिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मधील निर्णयात असे स्पष्ट केले की, हा कायदा बिरुदाचे रक्षण करतो. इमारतीचे आरेखन करण्यास इतरांना तो सर्वस्वी बंदी करीत नाही. लोकहिताच्या दृष्टीने बिरुदाचे रक्षण आवश्यकच आहे. पण बिरुद जर शिक्षणातूनच मिळणार असेल, तर त्या शिक्षणाचे दार कोणाला उघडे आहे, हा पुढचा प्रश्न आपोआप उपस्थित होतो.

प्रवेशाचे दार

या दारातून प्रथम आत आलेल्या स्त्रियांचा इतिहास बोलका आहे. पेरीन जमशेटजी मिस्त्री यांनी १९३६ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून वास्तुकलेचे शिक्षण पूर्ण केले. देशातील पहिल्या शिक्षित स्त्री-वास्तुविशारद म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. श्रीलंकेच्या मिनेट डि सिल्वा यांनीही १९४० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत वास्तुकलेचे शिक्षण घेतले. ब्रिटिश वास्तुविशारदांच्या राजमान्य संस्थेचे सदस्यत्व मिळविणाऱ्या त्या पहिल्या आशियाई स्त्री होत. हा मान त्यांना १९४८ मध्ये मिळाला. चंदीगडच्या उभारणीत काम केलेल्या ऊर्मिला युली चौधरी पुढे हरियाणा व पंजाब या राज्यांच्या मुख्य वास्तुविशारद झाल्या. मुंबईची वाढ खाडीपलीकडे वळवावी, ही सूचना १९६४-६५ मध्ये तिघांनी मांडली. चार्ल्स कोरिया आणि शिरीष पटेल यांच्या बरोबरीने त्यात प्रविणा मेहता होत्या. आजच्या नवी मुंबईचे मूळ त्या सूचनेत आहे.

या कर्तबगार स्त्रियांनी वाट पाडली, यात शंका नाही. तथापि आणखी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. पेरीन मिस्त्री यांचे वडील स्वतः वास्तुविशारद होते. मिनेट यांचे वडील आपल्या देशातील नामवंत राजकारणी होते. स्त्री म्हणून असलेला अडसर त्यांनी दूर केला, कारण शिक्षण, संपन्नता आणि ओळखी यांचा अडसर त्यांना नव्हता. ज्यांच्यापुढे दोन्ही अडसर होते, अशा घरांतील मुलींना त्याच दारापर्यंत येण्यास आणखी अनेक दशके लागली. आज वास्तुकला महाविद्यालयांतील अनेक वर्गांत मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीची किंवा त्याहून अधिक दिसते. परंतु पाड्यावरील, वस्तीवरील किंवा ऊसतोड कामगाराच्या घरातील मुलगा वा मुलगी तेथे क्वचितच आढळते.

याची कारणे बुद्धीत नसून व्यवस्थेत आहेत. अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे. शुल्काखेरीज कागद, रंग, प्रतिकृतींचे साहित्य, संगणक आणि अभ्यासदौरे यांचा खर्च वेगळा असतो. शिकवणे व पुस्तके प्रामुख्याने इंग्रजीत असतात. प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय लागतात आणि त्याशिवाय ‘नाटा’ किंवा तत्सम अभिरुची परीक्षा द्यावी लागते. ज्या शाळेत चित्रकलेचा शिक्षकच नाही, तेथील विद्यार्थ्याला या परीक्षेचे नावही ठाऊक नसते. दहावीनंतर कला शाखा घेतली की हे दार बंद झाले, हे त्याला पुष्कळदा दार बंद झाल्यावर कळते.

शासनाने या अडचणींपैकी काहींवर उपाय योजिले आहेत. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना प्रवेशात आरक्षण आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत देण्यात आली आहे. मात्र योजना आणि विद्यार्थी यांची गाठ घालून देणारा दुवा म्हणजे शिक्षक होय. गवंड्याच्या मुलाचा हात चित्रात चालतो, वडाराच्या मुलीला मापांची उत्तम जाण आहे, हे प्रथम त्यालाच दिसते. नववी-दहावीतच अशा मुलांना गणित न सोडण्याचा सल्ला देणे आणि गणित विषयासह दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊनही या अभ्यासक्रमाकडे वळता येते हे सांगणे, एवढे काम कोणत्याही अनुदानाशिवाय होऊ शकते.

राहणाऱ्याचे ज्ञान

व्यवसायात निरनिराळ्या थरांतील माणसे यावीत, याचे कारण केवळ नोकरीची समान संधी एवढेच नाही. घर वापरणाऱ्याला जे ठाऊक असते, ते नकाशा काढणाऱ्याला पुष्कळदा ठाऊक नसते. मिनेट डि सिल्वा यांनी १९५० च्या दशकात कँडी येथील वटापुलुवा वसाहतीचे आरेखन करताना भावी रहिवाशांची मते व गरजा विचारून घेतल्या. निरनिराळ्या धर्मांच्या व समाजांच्या कुटुंबांची राहणी निरनिराळी असते, हे त्यांनी गृहीत धरले आणि घरांचे नमुने त्यानुसार ठरविले. सरकारी वसाहतीत सर्वांना एकच साचा देण्याच्या त्या काळात ही रीत नवी होती.

मुंबईत याच दिशेचा प्रयोग १९८० च्या दशकात झाला. भायखळा परिसरातील पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांनी ‘स्पार्क’ व ‘महिला मिलन’ या संस्थांच्या साहाय्याने आपल्याला परवडेल अशा घराची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी केली. जमीन थोडी, तेव्हा उंची वाढवावी, हा त्यांचा विचार होता. सुमारे १४ फूट उंचीची खोली आणि तिच्या काही भागावर माळा, अशी रचना त्यांनी सुचविली. आठ-दहा फूट लांबीच्या झोपडीत संसार केलेल्या स्त्रीलाच सुचावी अशी ही गोष्ट होती.

पुणे महानगरपालिकेने १९९९ ते २००१ या काळात स्वयंसेवी संस्थांच्या सहभागाने झोपडपट्ट्यांत ४०० हून अधिक सामुदायिक शौचालये बांधली. त्यांपैकी मोठा वाटा याच संस्थांनी उचलला. त्यांच्या आराखड्यांत वस्तीतील स्त्रियांच्या अनुभवाला स्थान मिळाले. स्त्रिया व पुरुष यांच्यासाठी वेगळी दारे व वेगळ्या रांगा, हात धुण्याची सोय, देखभाल करणाऱ्या कुटुंबासाठी खोली आणि मुलांसाठी लहान आकाराची स्वतंत्र शौचपात्रे, अशा सोयी त्यांत करण्यात आल्या. मुलांची सोय हा मुद्दा वरकरणी किरकोळ वाटतो. पण मोठ्यांच्या रांगेत मूल मागे ढकलले जाते, अंधाऱ्या खोलीत आणि मोठ्या पात्रावर बसायला ते घाबरते, आणि मग बाहेर उघड्यावर बसते. ही साखळी आईला माहीत असते. नेहमीच्या नमुना-नकाशात ती सापडत नाही.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व धाराशिव जिल्ह्यांत भूकंप झाला आणि सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे जड छत हीच अनेक घरांत मृत्यूची कारणे ठरली. त्यानंतर शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा प्रचंड कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. इतक्या थोड्या काळात इतकी पक्की घरे उभारणे ही प्रशासनाची मोठी कामगिरी होती. तिच्यापासून घेण्याचा धडाही तितकाच मोठा आहे.

स्थलांतरित गावांत घराचा आकार जमीनधारणेवर ठरला. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या कुटुंबांना २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्यांना ४०० चौरस फूट आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट बांधकाम मिळाले. शेतीची अवजारे, धान्य व गुरे यांसाठी मोठ्या शेतकऱ्याला जागा लागते, हा विचार त्यामागे समजण्यासारखा आहे. पण भूमिहीनाच्या घरातही आठ माणसे असू शकतात. जमिनीची विषमता अशा प्रकारे घराच्या क्षेत्रफळात उतरली, आणि घरांची मांडणी त्यांच्या आकारानुसार जेथे वेगवेगळ्या भागांत झाली, तेथे ती गावाच्या नकाशातही उतरली. जुन्या गावठाणातील अरुंद बोळ जाऊन सरळ रुंद रस्ते आले. त्याबरोबर शेजार आणि भावकी यांची जुनी घडीही विस्कटली.

ज्या गावांत जुन्या जागीच घरांची दुरुस्ती व बळकटीकरण करायचे होते, तेथे वेगळी पद्धत अवलंबिण्यात आली. अनुदान थेट घरमालकाला देण्यात आले आणि ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या सहकार्याने हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतील स्त्रियांची संवाद सहायक म्हणून नेमणूक झाली. अनुदानाचे हप्ते कसे मिळतात, भिंतीत आरपार दगड का घालावा, दारे-खिडक्यांच्या वर काँक्रीटचा पट्टा कशासाठी, हे या स्त्रियांनी घरोघर समजावून दिले व कामावर लक्षही ठेवले. अभियंता आणि घरमालक यांच्यामधील भाषेचे अंतर त्यांनी मिटविले. पुढे २००१ च्या गुजरात भूकंपानंतर मराठवाड्यातील या स्त्रियांचा अनुभव तेथेही उपयोगी पडला.

समतेचा आराखडा

आराखड्यातच समता कशी आणता येते, याची दोन उदाहरणे अभ्यासण्याजोगी आहेत. सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूर येथे एक वसाहत आखली. निरनिराळ्या उत्पन्नगटांची घरे तेथे एकत्र आहेत, तरी सर्वांत लहान भूखंड सुमारे ४५ चौरस मीटरचा आणि सर्वांत मोठा सुमारे ७५ चौरस मीटरचा आहे. उत्पन्नातील अंतर जमिनीत उतरू नये, ही त्यामागील दृष्टी होय. सात घरांमध्ये एक सामाईक अंगण आहे. प्रत्येक घराच्या भिंती स्वतंत्र ठेवल्यामुळे शेजाऱ्याला त्रास न देता घर वाढविता येते.

दुसरे उदाहरण इंदूरच्या अरण्य वसाहतीचे. पुण्यात जन्मलेले आणि मुंबईत वास्तुकलेचे प्रारंभिक शिक्षण घेतलेले बाळकृष्ण दोशी यांनी ती आखली. सुमारे साडेसहा हजार भूखंडांच्या या वसाहतीत बहुसंख्य भूखंड आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी होते. गरीब कुटुंबाला पूर्ण घर देण्याऐवजी जोते, पाणी व शौचालयाची सोय देण्यात आली आणि पुढचे घर ऐपतीप्रमाणे त्यानेच वाढवावे, अशी योजना होती. हातातील पैसा थोडा असताना काय शासनाने द्यावे आणि काय कुटुंबावर सोपवावे, याचा हा विचारपूर्वक घातलेला मेळ होता.

बांधणारे हात

व्यवसायातील न्यायाचा विचार बांधकाम मजुराला वगळून पूर्ण होत नाही. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीचा केंद्रीय कायदा १९९६ मध्ये झाला. महाराष्ट्रात अशा कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ कार्यरत आहे; परंतु त्याचा लाभ नोंदणी झालेल्या कामगारालाच मिळतो. बांधकामावर स्त्रिया मोठ्या संख्येने असतात, पण विटा-माती वाहण्याचे काम त्यांच्याकडे आणि थापी-ओळंबा पुरुषाकडे, ही वाटणी अजून मोडलेली नाही. ती मोडता येते, हे इतर राज्यांत दिसून आले आहे. केरळात कोल्लम येथील निर्मिती केंद्राने १९८० च्या दशकात स्त्रियांना गवंडीकाम शिकविले. झारखंडात शौचालय बांधणीच्या मोहिमेत तयार झालेल्या स्त्री-गवंडी ‘रानी मिस्त्री’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

पंचायतीचे दायित्व

खेड्यात वास्तुविशारद क्वचितच पोहोचतो. तेथे त्याचे निम्मे काम पंचायत, ग्रामपंचायत अधिकारी व शाखा अभियंता यांच्याकडे येते. म्हणून न्यायाची जबाबदारीही त्यांच्याकडेच येते. सार्वजनिक सोय कोठे आहे, यावर ती कोणाची होते हे अवलंबून असते. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा निर्णय केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. ठराव आणि प्रत्यक्ष वापर यांत केवढे अंतर असू शकते, याचे हे स्मरण आहे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. नावाबरोबर वस्तीतील रस्ता, गटार, दिवा आणि नळ यांची स्थितीही बदलली, तरच त्या निर्णयाचा हेतू पुरा होईल.

दिव्यांग व वृद्ध यांच्या बाबतीत कायदा अधिक स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या २०१६ च्या अधिनियमानुसार, सुगम्यतेच्या नियमांशी विसंगत नकाशाला बांधकाम परवानगी देता येत नाही आणि त्या नियमांचे पालन न झाल्यास पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. यातील हिशेब अगदी सोपा आहे. उतरत्या वाटेचा उतार १२ स १ असावा, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी हवी. शाळेचे जोते ४५ सेंटिमीटर असेल तर उतार ५.४ मीटर लांब हवा आणि ६० सेंटिमीटर असेल तर ७.२ मीटर. दोन मीटरचा उभा उतार बांधून देयक मंजूर झाले, तर कागदावर सोय होते. चाकाची खुर्ची मात्र पायथ्याशीच थांबते.

या सर्व विवेचनातून ग्रामपंचायतीने कोणत्याही बांधकामाचा नकाशा मंजूर करण्यापूर्वी पुढील बाबी तपासाव्यात:

१. जागा निवडताना गावातील सर्वांत दुर्बल वस्तीपासून तिचे अंतर मोजले आहे काय?

२. नकाशा ग्रामसभेत आणि महिला सभेत मराठीतून समजावून सांगितला आहे काय? चुन्याने जमिनीवर खोल्या आखून दाखविल्या तर नकाशा न वाचता येणाऱ्यालाही घर कळते.

३. उताराची लांबी, दाराची किमान ९० सेंटिमीटर रुंदी आणि शौचालयाची सोय प्रत्यक्ष मोजून पाहिली आहे काय?

४. प्रधानमंत्री आवास योजनेतील घरकुल किमान २५ चौरस मीटरचे, स्वयंपाकाच्या जागेसह आहे काय? योजनेच्या नियमाप्रमाणे ते स्त्रीच्या किंवा पतिपत्नींच्या संयुक्त नावावर आहे काय?

५. कामावरील मजुरांची नोंदणी झाली आहे काय? कायद्याप्रमाणे आवश्यक असेल तेथे पाळणाघर आहे काय?

महाराष्ट्रातील पंचायतींत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. नकाशावर स्वाक्षरी करणाऱ्यांत त्यामुळे चूल, पाणी आणि मुले यांचा रोजचा अनुभव असलेल्या व्यक्ती मोठ्या संख्येने आल्या आहेत. स्वाक्षरीपूर्वी त्यांनी नकाशा समजून मागावा आणि अधिकाऱ्यांनी तो समजावून द्यावा, हे या व्यवस्थेत अपेक्षितच आहे. वास्तुकला महाविद्यालयांत वस्ती-पाड्यांवरील विद्यार्थी पुरेशा संख्येने येण्यास आणखी काही वर्षे लागतील; तोपर्यंत त्या वस्तीचे म्हणणे नकाशापर्यंत पोहोचविण्याचे काम शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी यांना करावे लागेल.